सामायिक वायफाय हॉटस्पॉटची कमाई वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे ज्यांचा हॉटस्पॉट आधीपासून चालू आहे त्यांच्यासाठी आहेत: एक इंटरनेट लाइन, एक राउटर, एक-दोन ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल सोडणारी यंत्रे) आणि कूपन घेऊन तासाचे किंवा दिवसाचे पैसे देणारी गिऱ्हाइके. नवी यंत्रे घेण्याआधी आहे त्यातून काय निसटते ते शोधावे, असा सगळ्या उत्तरांचा रोख आहे.

गिऱ्हाइके येतात, कूपने खपतात, तरी महिनाअखेर फारसे उरत नाही. सुरुवात कुठून करावी?

सात दिवस काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. दर तासाला तीन आकडे पुरतात: त्या वेळी किती जण जोडलेले आहेत, लाइनवर किती एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वाहत आहेत आणि त्या तासात किती कूपने विकली. राउटर हे आकडे साठवत असेल तर उत्तम, नसेल तर वहीत लिहा. आठवड्यानंतर बहुतेक ठिकाणी दिसते ते असे: तीन-चार तास लाइन तुडुंब आणि बाकीचे वीस तास जवळजवळ रिकामी. भाडे मात्र चोवीस तासांचे जाते.

१०० एमबीपीएसची लाइन दिवसभर काठोकाठ वाहिली तर सुमारे १.०८ टीबी डेटा नेते. (१०० भागिले ८ म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद.) तुमच्या राउटरवरचा दिवसाचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा, किती माल न विकता फुकट जातो ते कळेल. यातून दोन कामे निघतात: गर्दीचे तास सांभाळणे आणि मोकळे तास विकणे. क्रमही हाच ठेवा. गर्दीत वैतागून गेलेला माणूस मोकळ्या वेळी स्वस्त पास आहे म्हणून परत येत नाही.

लाइन मोठी घेतली तर कमाई वाढेल का?

आधी तपासा, मग पैसे घाला. गर्दीच्या वेळी लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावा आणि वेग मोजा. लगेच तोच लॅपटॉप ॲक्सेस पॉइंटपासून तीन मीटरवर वायफायवर मोजा. केबलवर वेग चांगला आणि वायफायवर रडका असेल तर लाइन दुप्पट करूनही गिऱ्हाइकाला फरक जाणवणार नाही, कारण अडचण हवेत आहे. एका चॅनेलवर (वायफायच्या एका लहरी-पट्ट्यावर) एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीचे सगळे थांबतात. जवळचा फोन खऱ्या ६० एमबीपीएसने १० एमबीची फाइल १.३ सेकंदांत उचलतो. भिंतीपलीकडचा, ६ एमबीपीएसवर रखडणारा फोन तीच फाइल १३ सेकंद उचलत बसतो आणि तेवढा वेळ जवळचे सगळे ताटकळतात. पैसे दोघांनी सारखेच दिलेले असतात.

केबलवरही वेग कमी दिसला तर आणखी एक चाचणी करा. लाइन भरलेली असताना पिंग (छोटा निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवा. एरवी १५-२० मिलिसेकंद असलेला आकडा ४००-५०० वर चढत असेल तर मोडेममध्ये पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग तुंबते आहे. राउटरमध्ये रांगेचे नियंत्रण लावा: ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम नावाची सोय, त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत. मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा, अपलोडची वेगळी आणि डाउनलोडची वेगळी. दहा टक्के सोडायचे जिवावर येते, पण त्यामुळे रांग मोडेमऐवजी तुमच्या ताब्यात येते आणि व्हिडिओ कॉल तुटायचे थांबतात. जुन्या राउटरचा प्रोसेसर या कामात धापा टाकतो. नियंत्रण लावल्यावर एकूण वेगच निम्म्यावर आला तर राउटर बदलावा लागेल.

अपलोडकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. १०० एमबीपीएस डाउनलोड आणि १० अपलोड अशी लाइन तुंबवायला फोटोंचा बॅकअप घेणारे चार फोन पुरतात. वरची वाट भरली की खालचीही अडते. दर गिऱ्हाइकामागे अपलोडला मर्यादा असलीच पाहिजे.

एका लाइनवर किती गिऱ्हाइके घ्यावीत?

१०० एमबीपीएसपैकी ९० हाताशी धरा. गर्दीत प्रत्येकाला २ एमबीपीएस मिळावेत असे ठरवले तर एकाच वेळी खरोखर ओढणारे ४५ जण झाले. साध्या प्रतीच्या व्हिडिओला १ ते १.५ एमबीपीएस लागतात, म्हणून २ हा निभावणारा आकडा आहे. जोडलेले सगळे एका क्षणी ओढत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्त मावतात. किती जास्त, ते तुमच्या नोंदवहीतूनच ठरवा, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका.

ॲक्सेस पॉइंटच्या खोक्यावर शंभर-दोनशे लिहिलेले असले तरी एका रेडिओवर तीसेक सक्रिय फोन झाले की ओढाताण सुरू होते, असे धरून चाला. राउटरच्या सॉफ्टवेअरचीही मर्यादा पाहून ठेवा. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस या सॉफ्टवेअरमध्ये परवाना पातळी ४ चा असेल तर हॉटस्पॉटवर एका वेळी २०० सक्रिय गिऱ्हाइके चालतात, पातळी ५ ला ५००. दोनशे एकावा माणूस कूपन घेऊन दारात उभा राहतो आणि कारण कुणालाच कळत नाही.

तासाचा पास विकावा, डेटाचा की महिन्याचा?

तिन्ही ठेवा, पण प्रत्येकाचे दुखणे ओळखून.

डेटाचा पास हिशेबाला सोपा वाटतो. प्रत्यक्षात फोनमधली ॲप पाठीमागे अपडेट होतात, फोटो बॅकअपला जातात आणि १ जीबी वीस मिनिटांत संपतो. गिऱ्हाइकाला वाटते, फसवले. त्याला दोष देता येत नाही, त्याने स्वतः काहीच उघडलेले नसते. डेटाचा पास द्यायचाच असेल तर मोठा द्या आणि कोटा संपल्यावर जोडणी न तोडता वेग खाली आणा. ५१२ केबीपीएसवर निरोप जातात, व्हिडिओ मात्र चालत नाही. संदेश बंद पडला नाही की भांडण होत नाही, आणि व्हिडिओसाठी नवे कूपन तो आपणहून घेतो.

डेटा मोजताना एक जुना खड्डा आहे. रेडियस या लॉगिन आणि वापराची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीत बाइट मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो, तो ४ जीबीला पुन्हा शून्यावर येतो. किती वेळा शून्यावर आला हे 'गीगावर्ड्स' नावाच्या वेगळ्या रकान्यात लिहिले जाते. तुमचे बिलिंग तो रकाना वाचत नसेल तर ५ जीबी वापरलेला माणूस १ जीबीवर दिसतो. महिन्याच्या पासमध्ये ही गळती ध्यानातच येत नाही. चाचणी सोपी आहे: एका कूपनावर सलग ५ जीबी उतरवा आणि अहवाल पाहा.

वेळेच्या पासमध्ये तक्रार उलटी असते: 'मी तर फोन खिशात ठेवला होता, तास कसा संपला?' यावर उपाय म्हणजे थांबवता येणारा पास. एकूण एक तास, पण दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी वापरता येणारा. त्यासाठी निष्क्रिय राहिल्यास आपोआप बाहेर काढण्याची वेळ १० मिनिटांच्या आसपास ठेवा. २ मिनिटे ठेवलीत तर स्क्रीन बंद झाली की माणूस बाहेर, आणि प्रत्येक वेळी कोड टाकायचा कंटाळा येऊन तो सोडून देतो.

महिन्याचा पास सर्वांत मोलाचा. तो घेणारा माणूस पाऊस असो, सुट्टी असो, पैसे आधीच देऊन बसलेला असतो. त्याला एकच गोष्ट हवी असते: रोज कोड टाकावा लागू नये. त्याच्या उपकरणासाठी लॉगिन लक्षात ठेवण्याची मुदत ३० दिवसांची करा.

भावांचे प्रमाण ठरवताना सुरुवातीला हा साचा घ्या: दिवसाचा पास तासाच्या चौपट, आठवड्याचा दिवसाच्या चौपट, महिन्याचा आठवड्याच्या तिप्पट. दोन महिन्यांनी पाहा. सगळेच तासाचा घेत असतील तर दिवसाचा महाग पडतो आहे. महिन्याचाच खपत असेल आणि गर्दीत लाइन बसत असेल तर तो फार स्वस्त लावला आहे.

मोकळ्या तासांसाठी वेगळे कूपन काढा: अर्धा दर, दुप्पट वेग, ठरावीक वेळेतच चालणारे. मोठ्या फाइली उतरवणारे लोक तिकडे सरकले की संध्याकाळची कोंडीही सुटते.

दर न वाढवता वेग जास्त जाणवेल असे काही करता येते का?

येते. पहिल्या काही सेकंदांना वेग मोकळा सोडायचा, मग आवळायचा. मायक्रोटिकमध्ये याला बर्स्ट म्हणतात. समजा नेहमीची मर्यादा २ एमबीपीएस आणि बर्स्ट ८ एमबीपीएस. पान, फोटो, छोटी क्लिप लगेच उघडते. लांब डाउनलोड मात्र २ वर येते. गिऱ्हाईक वेग मोजत नाही, पान उघडायला लागलेला वेळ मोजते. एक लक्षात घ्या, बर्स्टची वेळ म्हणून जे सेकंद लिहिता ते सरासरी काढण्याचे असतात; मोकळा वेग प्रत्यक्षात त्याहून कमी काळ मिळतो. १६ लिहिले म्हणून १६ सेकंद मिळाले नाहीत, तर यंत्र बिघडलेले नाही.

एक जण कूपन घेतो आणि पाच जण वापरतात. हे कसे रोखावे?

दोन वाटांनी होते. पहिली, तोच कोड दुसऱ्याला सांगणे. एका कोडवर एकच उपकरण ही मर्यादा लावा, पण नवे उपकरण आले की जुने बाहेर पडेल अशी, कारण फोनचा पत्ता आता कायमचा राहिलेला नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता (यंत्राचा ओळखक्रमांक) सांगतात, आणि जाळे विसरून पुन्हा जोडले किंवा सेटिंग तशी असली की तो बदलू शकतो. मॅक पत्त्याला कूपन घट्ट बांधून ठेवलेत तर पैसे भरलेला प्रामाणिक माणूसच बाहेर राहतो. त्याच कारणाने 'प्रत्येक फोनला १० मिनिटे फुकट' ही योजना गळकी ठरते. फुकट द्यायचेच तर वेग ५१२ केबीपीएसवर ठेवा आणि एका वेळी किती जणांना, याची मर्यादा घाला.

दुसरी वाट, फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट चालू करून पुढे वाटणे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, तो दर टप्प्याला एकने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिले जाते. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या पॅकेटांचा टीटीएल राउटरवर १ करा. त्याच्या फोनला ती नीट मिळतात, पुढच्या फोनकडे पाठवताना मात्र संपतात. हा नियम अगदी शेवटच्या राउटरवरच लावा. मध्ये तुमचाच दुसरा राउटर असेल तर सगळे जाळे गप्प होईल. ॲक्सेस पॉइंट ब्रिज म्हणून (टीटीएल न घटवता पॅकेट तशीच पुढे देत) चालत असतील तर चिंता नाही. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथे टीटीएलच्या जागी असलेल्या हॉप लिमिटला हाच नियम लावावा लागतो, नाहीतर अर्धी वाट उघडीच राहते. हट्टाला पेटलेला चोर ब्रिज पद्धतीचा रिपीटर लावून यातूनही निसटतो, पण त्याला प्रत्येकाच्या वाट्याचा वेग त्याच २ एमबीपीएसमधून काढावा लागतो, म्हणून नुकसान आटोक्यात राहते. हा नियम लावलात तर लॉगिन पानावर तसे स्पष्ट लिहा.

कूपनाचा कोड किती लांब असावा?

सहा आकडी कोडचे १० लाख प्रकार होतात. बाजारात २,००० न वापरलेली कूपने असतील तर सरासरी दर ५०० अंदाजांत एक खरा लागतो, आणि साधी स्क्रिप्ट ते काही मिनिटांत करते. आठ अक्षरे घ्या, गोंधळात टाकणारी शून्य-ओ आणि एक-एल ही जोडी वगळून ३० चिन्हांतून. मग प्रकार सुमारे ६५ हजार कोटी होतात. एका उपकरणाला पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर काही मिनिटे थांबवा. ओळीने वाढणारे क्रमांक कोड म्हणून कधीही छापू नका. क्रमांक हवा तर तो हिशेबासाठी कोपऱ्यात वेगळा छापा, म्हणजे विकलेल्या आणि उरलेल्या गठ्ठ्यांचा ताळा रोज बसवता येतो.

वीज जाऊन आली की काही कूपने मुदतीआधीच संपतात, काही संपतच नाहीत. का?

राउटरच्या घड्याळामुळे. बहुतेक स्वस्त राउटरांत घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते. वीज आली की ते १९७० सालात किंवा शेवटी जपलेल्या वेळेत जागे होतात आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तसेच चालतात. त्या दोन-पाच मिनिटांत कुणी दिवसाचा पास सुरू केला तर त्याची मुदत चुकीच्या तारखेपासून मोजली जाते. खरी तारीख येताच तो पास कित्येक वर्षांपूर्वी संपलेला ठरतो. फोनवर नुसते 'कूपनाची मुदत संपली' असे येते आणि गिऱ्हाईक नुकतेच दिलेले पैसे मागायला येते.

उपाय क्रमाने: वेळेचे किमान दोन सर्व्हर नोंदवा. हॉटस्पॉटची सेवा वेळ जुळल्यावरच सुरू होईल अशी छोटी स्क्रिप्ट घाला: वर्ष चालू वर्षापेक्षा कमी असेल तर थांब, दर १० सेकंदांनी पुन्हा पाहा. लॉगिनचा सर्व्हर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर असेल तर डीएस३२३१ चे घड्याळ आणि सीआर२०३२ ची गोल बॅटरी बसवा. इंटरनेट आलेले नसले तरी वेळ बरोबर राहते.

वापरलेल्या मिनिटांचा हिशेबही वीज जाताना हरवतो. रेडियस असेल तर मधल्या नोंदी दर ५ मिनिटांनी पाठवायला लावा, म्हणजे गेले तर पाचच मिनिटांचे जाते. दर सेकंदाला राउटरच्या फ्लॅशवर लिहिण्याचा मोह टाळा, फ्लॅशची लिहिण्याची क्षमता मोजकी असते आणि ती संपली की राउटरच जातो.

वायफाय जोडले जाते पण लॉगिन पान येतच नाही. कारण काय?

इथे सर्वांत जास्त विक्री बुडते आणि तिची नोंदही कुठे होत नाही, म्हणून हे नीट समजून घ्या. वायफायला जोडला की फोन गुपचूप एक साधा, बिनकुलुपाचा (http) पत्ता उघडून पाहतो. अँड्रॉइडला तिथून २०४ हे उत्तर अपेक्षित असते, ॲपलच्या फोनला 'सक्सेस' लिहिलेले छोटे पान. दुसरेच काही आले की फोन समजतो, इथे लॉगिन आहे, आणि पान समोर आणतो.

हे चार कारणांनी बिघडते. एक, लॉगिनशिवाय उघडणाऱ्या पत्त्यांच्या यादीत तुम्ही इतके काही घातले आहे की त्यात हा तपासणीचा पत्ताही आला. फोनला वाटते इंटरनेट आहे, पान येत नाही. दोन, गिऱ्हाइकाने प्रायव्हेट डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची फोनमधली सोय) ठरावीक सर्व्हरवर लावून ठेवले आहे किंवा व्हीपीएन चालू आहे. ते बंद करून पुन्हा जोडायला सांगणारी पाटी लावा. तीन, तो स्वतः ब्राउझरमध्ये कुलूपबंद (https) पत्ता टाकतो आणि प्रमाणपत्राची लाल सूचना येते. अशा पत्त्यांना वळवायचा प्रयत्नच करू नका, लॉगिन पानाचा छोटा पत्ता कूपनावर छापा. चार, पानच जड आहे. पान राउटरवरच साठवलेले आणि चित्रांसह १०० केबीच्या आत असावे. २०२० साली आलेल्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकाप्रमाणे डीएचसीपीचा (फोनला आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेचा) पर्याय ११४ वापरून लॉगिनचा पत्ता फोनला थेट सांगता येतो. राउटरमध्ये सोय असेल तर लावा, नवे फोन त्याचा मान राखतात.

ऑनलाइन पैसे घेत असाल तर पेमेंटचे सगळे पत्ते लॉगिनशिवाय उघडायला हवेत आणि ते अधूनमधून बदलतात. शिवाय समोर येणारी लॉगिनची खिडकी अर्धवट ब्राउझर असते. पैसे देण्यासाठी दुसऱ्या ॲपवर गेले की काही फोनांत ती बंद होते आणि जोडणीही तुटते. पैसे भरण्यापुरती तीन मिनिटांची मंद वाट उघडून देणे हा यावरचा कामाचा तोडगा आहे. महिन्यातून एकदा नव्या फोनवरून, एका अँड्रॉइड आणि एका ॲपलच्या, पैसे भरण्यापर्यंत सगळे स्वतः करून पाहा.

गर्दीत फोनवर 'आयपी पत्ता मिळवत आहे' असे येऊन अडकते. राउटर खराब झाला का?

पत्ते संपले आहेत. घरगुती मांडणीत सुमारे २५० पत्ते असतात आणि एकदा दिलेल्या पत्त्याची मुदत बहुधा २४ तास. रस्त्याने जाणारा प्रत्येक फोन एक पत्ता अडवून पुढे जातो, पैसे देवो न देवो. मुदत ३० मिनिटांवर आणा आणि जाळ्याचा आकार /२२ करा, मग एक हजाराहून थोडे जास्त पत्ते मिळतात. दहा मिनिटांचे काम आहे.

मोठा अँटेना लावून लांबवर रेंज न्यावी का?

नको. बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. तुमच्या ॲक्सेस पॉइंटची ताकद २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅटवरून २३ डीबीएमवर नेली तर ती दुप्पट होते, पण गिऱ्हाइकाच्या फोनची ताकद तेवढीच राहते. त्याला पूर्ण काड्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्यापेक्षा रेंज नसलेली बरी. तुमच्या देशाची कायदेशीर मर्यादा वेगळीच.

जिथे लोक प्रत्यक्ष बसतात तिथे फोनवर उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा. उणे ७५ च्या खाली विकू नका. ॲक्सेस पॉइंट डोक्याच्या वर, अडीच ते चार मीटरवर आणि लोखंडी पत्रा किंवा पाण्याच्या टाकीपासून दूर लावा. २.४ गीगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झची रुंदी आणि १, ६, ११ यांपैकीच चॅनेल. चार किंवा आठ निवडून मधली जागा साधतो असे वाटते, प्रत्यक्षात दोन्ही शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागतो. ५ गीगाहर्ट्झवर गर्दीच्या जागी ४० मेगाहर्ट्झ पुरे. चॅनेल ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. तिथे सुरू होताना किमान ६० सेकंद थांबावे लागते आणि रडार दिसले की मधूनच जागा सोडावी लागते. शक्य असेल तर ३६ ते ४८ मध्ये राहा.

मग जुने मंद वेग, १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस, बंद करा. प्रत्येक वायफाय नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची हाक देते. १ एमबीपीएसवर ३०० बाइटची हाक अडीच मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेते, म्हणजे एका नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ. चार नावे ठेवलीत तर दहा टक्के हाका मारण्यातच गेले. एकच नाव ठेवा, पासांचा फरक लॉगिननंतर करा.

ॲक्सेस पॉइंट एकमेकांना वायफायने जोडण्याचा सोपा मार्ग दिसतो, पण एकाच रेडिओवर दर उडीला वेग निम्म्यावर येतो. केबल ओढा.

केबल आणि विजेत काय चुकते?

नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, त्यामुळे केबलमधून वीज दिलेला ॲक्सेस पॉइंट दिवसा ठीक चालतो आणि गर्दीत, जास्त वीज ओढायची वेळ आली की, पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात, दोष तारेत असतो. केबलमधून वीज देण्याच्या ८०२.३एएफ प्रकारात पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, ८०२.३एटी मध्ये ३०. ॲक्सेस पॉइंटची गरज पाहून घ्या. बाहेरची केबल पेटीत खालून घाला आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबणारा वळसा द्या. पाणी त्या वळशाच्या तळाशी गळते, पेटीत शिरत नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकली तर विजांच्या दिवसांत दोन्हीकडची यंत्रे वाचतात.

बॅटरीचा हिशेब: फायबरचा डबा ८ वॅट, राउटर ७, दोन ॲक्सेस पॉइंट १६, एकूण ३१. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची शिसे-ॲसिड बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर देते, पण ती निम्म्याहून खाली उतरवली की लवकर मरते. रूपांतरातली घट धरून जेमतेम तासभर चालते. १२.८ व्होल्ट २० ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास. आसपासची वीज गेली की घरातली वायफाय बंद पडतात आणि लोक चालू असलेल्या हॉटस्पॉटकडे वळतात, म्हणून आधी पैसे बॅटरीवर घाला, मग दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवर.

वापरात नसलेली बँडविड्थ विकून देणारी ॲप लावावीत का?

आमचे मत स्पष्ट आहे: लावू नका. अशी ॲप तुमच्या आयपी पत्त्यावरून अनोळखी लोकांचा वापर बाहेर काढतात. तिकडून काही गैर झाले तर चौकशी तुमच्या दारात येते. अनेक सेवा तो पत्ता संशयित ठरवतात, मग तुमच्या गिऱ्हाइकांना पदोपदी 'मी रोबो नाही' सिद्ध करावे लागते. मिळकत मात्र किरकोळ.

त्यापेक्षा लॉगिन पानावर जवळच्या व्यावसायिकांची एक जाहिरात महिन्याच्या दराने घ्या. एकच, पाच सेकंदांची, न हलणारी. किंवा शेजारच्या व्यवसायाला त्याच्या गिऱ्हाइकांसाठी तासाच्या कूपनांचा गठ्ठा घाऊक दराने विका. त्यात वसुली एकाच माणसाकडून होते.

कायद्याच्या बाजूने किमान काय सांभाळावे?

लाइनच्या करारात पुनर्विक्रीला परवानगी आहे का ते वाचा. घरगुती लाइनच्या करारात बहुधा ती नसते, आणि धंदा जमल्यावर लाइन तुटणे सर्वांत महागात पडते. गिऱ्हाइकाची ओळख आणि नोंदी किती काळ ठेवायच्या हे देशानुसार वेगळे आहे. कायदा सांगतो तेवढे ठेवा, त्याहून अधिक गोळा करू नका. गिऱ्हाइकांची उपकरणे एकमेकांना दिसणार नाहीत अशी क्लायंट आयसोलेशनची सेटिंग चालू ठेवा आणि बाहेर जाणारा पोर्ट २५ (ई-मेल पाठवण्याची वाट) बंद करा, नाहीतर एखाद्याच्या बाधित लॅपटॉपमुळे तुमचा पत्ता ई-मेलच्या काळ्या यादीत जातो.

दुसऱ्या जागी नवा पॉइंट कधी लावावा?

पहिल्या जागेचे सलग तीन महिने पाहा. गर्दीच्या तासात दरडोई वेग २ एमबीपीएसच्या खाली जात नसेल, तक्रारी आठवड्याला एक-दोनवर आल्या असतील आणि विक्रीतला निदान तिसरा हिस्सा महिन्याच्या पासांचा असेल तर जागा शोधा. यंत्रे, केबल, बॅटरी आणि बसवणी यांच्या एकूण खर्चाला महिन्याच्या निव्वळ शिलकीने भागा. शिल्लक म्हणजे विक्री वजा लाइनचे भाडे, वीज, विक्रेत्याचे कमिशन आणि बिघाडासाठी बाजूला ठेवलेली रक्कम. भागाकार बारा महिन्यांच्या वर जात असेल तर ती जागा सोडा. वर्षभरात आजूबाजूला काय उभे राहील याचा भरवसा नसतो.

दोन्ही ठिकाणी राउटर आणि ॲक्सेस पॉइंट एकाच मॉडेलचे घ्या. एक जादा राउटर सेटिंग भरून, तारीख लिहून कपाटात ठेवा, आणि दुरून लॉगिन करता येईल अशी व्हीपीएनची वाट पहिल्याच दिवशी करून ठेवा. संध्याकाळी सातला राउटर गेला तर सव्वासातला दुसरा लागलेला असतो, कूपनांची यादी त्यात आधीच भरलेली असली तर. ती यादी रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवा.